हे गेल्यानंतरची माझी पहिली वारी : पुणे ते फलटण

परत येऊन तीन आठवडे झाले. पायाचे फोड बरे झाले, एक नख काळं पडलंय ते जाईल हळूहळू. मैत्रिणी फोन करून विचारतात कशी झाली वारी आणि मी "छान झाली" म्हणून विषय संपवते, कारण दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये ते. म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय आणि जावं की नाही या विचारात आहेत त्यांना उपयोग झाला तर बरंच आहे.

थोडं आधीचं सांगते. हे मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले, सात महिने आजारी होते. त्यानंतर वर्षभर ऑफिसने मला सांभाळलं असं म्हणायला हरकत नाही, सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी दमून यायचं, मधला वेळ फायलींमध्ये जायचा. मग या मार्चमध्ये मी रिटायर झाले. मुलगा नोकरीला बंगळूरला. दुपारी तीन वाजता घरात बसून माणसं काय करतात हेच मला माहीत नव्हतं, आयुष्यात कधी तीन वाजता घरी नव्हतेच ना मी.

आणखी एक गोष्ट, जी कोणाला सांगितली नव्हती. हे रोज सकाळी टेकडीवर जायचे, सहा जणांचा ग्रुप, बारा वर्षांचा. दिवस झाल्यावर पंधरावीस दिवसांनी मी बाल्कनीतून पाहिलं तर खालून सहाच जण चालले होते. कोणी नवीन गृहस्थ आले होते ग्रुपमध्ये. कोणाची काही चूक नव्हती, पण मला ते इतकं लागलं की पुढे महिनाभर मी बाल्कनीचं दार उघडलं नाही.

दिंडीत नाव एका जुन्या सहकारी बाईंनी घातलं, रथामागच्या दिंडीत, त्या स्वतः वीस वर्षं जातात. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, आधीच भरली होती. सामानात ह्यांची टेकडीवर घालायची टोपी घेतली, फिक्कट बदामी रंगाची कापडी, आतल्या पट्टीवर घामाचा डाग अजून होता, धुतली नव्हती मी ती.

पहिला दिवस : पुणे ते सासवड

पहाटे साडेचारला भवानी पेठेत पोचले, माउलींची पालखी पुण्यात पालखी विठोबा मंदिरात असते. आमच्या दिंडीच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, डोक्यावर तुळशी, हातात पिशव्या. एक आजी डबीतून सगळ्यांना बुक्का लावत होत्या. मी मागे सरले. सवयीने सरले. गेल्या वर्षभरात दोन लग्नं आणि एक बारसं झालं आमच्या नात्यात, प्रत्येक ठिकाणी कुंकवाची कोयरी माझ्यासमोर येऊन पुढे गेली आहे, अगदी प्रेमाच्या माणसांच्या हातून, खाली बघत बघत. आजींनी काही विचारलं नाही, हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि कपाळाला बुक्का टेकवला, "चला माउली" म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. तो गार वास दिवसभर नाकात होता. माझ्या वारीतली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती विचारलं तर मी हीच सांगेन, आणि ती चालायला लागायच्या आधी घडली.

हडपसरला दोन पालख्यांचे रस्ते वेगळे होतात, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे आणि माउलींची सासवडकडे. हा टप्पा वारीतला सगळ्यात मोठा, तीस किलोमीटरच्या वर, शिवाय मध्ये दिवे घाट. त्या दिवशी एकादशी होती त्यामुळे वाटेत सगळीकडे खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे. वडकीला सावलीत बसून खिचडी खाल्ली, कोणी वाढली ते तोंडही पाहिलं नाही इतकी दमले होते.

आमच्या दिंडीत चार-चारच्या ओळी. माझी जागा उजवीकडून दुसरी. उजव्या हाताला परभणीकडच्या एक अक्का, डाव्या हाताला दोघी बहिणी, एकमेकींशी पण फारसं न बोलणाऱ्या. ओळ मोडायची नाही, मागच्या पुढच्यांशी अंतर ठेवायचं, अभंग चालू असेल तर पाय त्या ठेक्यात पडतात. सकाळी मला वाटलं होतं की एवढं चालताना खूप विचार येतील, पण तुमचा एक पाय ठेक्यात आणि एक चिखलात असताना फार विचार येत नाहीत खरं तर.

घाटात पाऊस आला, आडवा, वाऱ्यासकट. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या आणि माणसं "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत अशी चढत होती की चढ आहे हे पायांना उशिरा कळलं. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर वळणावळणांवर नुसती माणसं आणि पताका. अंगावरचा प्लास्टिकचा कागद झटकला आणि लक्षात आलं की डोक्यावर टोपी नाहीये. कागद डोक्यावरून ओढताना कधीतरी गेली असणार. मागे जाणं शक्यच नव्हतं, लाखो माणसं वर येत होती. मी अक्कांना सांगितलं टोपी पडली, त्या म्हणाल्या "कुणाची व्हती?" मी म्हटलं मालकांची. त्यांनी माझा हात धरला आणि सासवड येईपर्यंत सोडला नाही.

रात्री तळावर समाजआरती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, शेकडो टाळ मृदंग एकदम वाजत असतात, आणि मग चोपदार, म्हणजे सोहळ्यात शिस्त राखणारे, दंड उंच करतात. क्षणात सगळं शांत. एवढ्या माणसांची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी एकटी टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतलं जातं. त्यानंतर हरवलेल्या सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. मी मागे उभी राहून तो पुकारा ऐकत होते. पिशवी, चष्मा, पाकीट, मोबाईल, टाळाची जोडी. सापडलेल्यांत टोपी नव्हती.

(नवीन जाणाऱ्यांसाठी : पहिल्यांदा जाताय तर नोंदणी असलेल्या दिंडीतूनच जा, एकटीने तर नक्कीच. जेवण, तंबू, सामानाचा ट्रक, आंघोळीच्या पाण्याचा टँकर ही सगळी सोय त्यांची असते. बायकांच्या आंघोळी पहाटे तीनच्या आसपास उरकतात, त्यामुळे गाऊन आणि टॉर्च वरच्या पिशवीत हवा. नवी चप्पल किंवा नवे बूट अजिबात नेऊ नका, दोन महिने वापरलेलेच न्या. पिशवीवर नाव, दिंडी क्रमांक आणि घरचा एक नंबर पक्क्या शाईने लिहा.)

दुसरा दिवस : सासवड मुक्काम

सासवडला दोन रात्री असतात म्हणून हा दिवस मोकळा. कपडे धुतले, पायाच्या फोडांना सुईदोरा घातला, दोरा तसाच आत ठेवायचा म्हणजे पाणी निघून जातं असं बायकांनी शिकवलं. (शुगर असेल तर हे मुळीच करू नका, वैद्यकीय पथकं असतात वाटेत, त्यांच्याकडे जा. जखमेत जंतू शिरायला वेळ लागत नाही.)

दुपारी सोपानकाकांच्या समाधीला गेलो, कऱ्हेच्या काठी. मी लहानपणापासून चार भावंडांची गोष्ट ऐकलेली, पण आमच्या दिंडीतले एक वयस्कर मास्तर तिथे पायरीवर बसून ज्या क्रमाने सांगायला लागले तसं मी कधी ऐकलं नव्हतं. आईवडील आधीच गेलेले, देहान्त प्रायश्चित्त घेऊन. मग 1296 च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. महिन्याभराने सोपानदेवांनी इथे सासवडला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मुक्ताबाई तापीकाठी गेल्या आणि त्यानंतर लगेच निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. सात-आठ महिन्यांत चौघंही. आणि थोरला भाऊ, गुरू, तो सगळ्यात शेवटी. मास्तर म्हणाले, निवृत्तिनाथांनी तीन वेळा पाहिलं बघा हे. एवढंच म्हणाले आणि गप्प बसले.

मला वाटायचं संतांना दुःख होत नसेल. त्यांना सगळं कळलेलं असतं, मग कशाचं रडू. पण नामदेवांच्या समाधीच्या अभंगांमध्ये निवृत्तिनाथांना आवरत नाहीये असंच वर्णन आहे, ते मास्तरांनी म्हणून दाखवलं. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. एवढी शतकं ही माणसं ज्यांच्या नावाने चालतात त्या सगळ्यांच्या घरात हे घडून गेलेलं आहे. मी त्या पायरीवर बराच वेळ बसले.

आणि माउली सासवडला असतानाच सोपानकाकांची पालखीही पंढरपूरला निघते. निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून येते, मुक्ताबाईंची मुक्ताईनगरहून. दशमीला वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, म्हणजे चौघं भावंडं वर्षातून एकदा भेटतात. मास्तरांचं हे वाक्य ऐकून शेजारच्या एक बाई डोळे पुसत होत्या, मी त्यांना ओळखत नव्हते, विचारलंही नाही त्यांचं कोण गेलंय.

तिसरा दिवस : जेजुरी

ऊन होतं, रस्ता सोपा. जेजुरीत शिरताना भंडारा उधळतात, "यळकोट यळकोट जय मल्हार" चालू असतं आणि सगळे पिवळे होऊन जातात, रथ, बैल, पताका, म्हातारी माणसं. माझी पांढरी साडी अजून पूर्ण पांढरी झालेली नाही आणि व्हावी असं वाटतही नाही.

त्या संध्याकाळी टोपीचा पुकारा झाला. दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकरी बाबांनी नोंद दिली होती, मला माहीत नव्हतं. "कापडी टोपी, बदामी रंग, दिवे घाटात." माईकवरून हे शब्द ऐकताना कसं वाटलं ते लिहिता येत नाही मला. ह्यांच्या आजारपणात आणि नंतर सगळे मला सांगत होते की तू खंबीर राहा, मुलाकडे बघ. गेलं ते गेलं, आता पुढचं बघ. आणि इथे हजारो अनोळखी माणसं शांत उभी राहून ऐकत होती की एका बाईची एक जुनी टोपी हरवली आहे. मिळाली नाही ती. पण हरवली हे सगळ्यांनी ऐकून घेतलं.

रात्री तंबूत अक्का माझ्या पायाला खोबरेल चोळत होत्या (मी नको नको म्हणत होते, वारीत कोणी ऐकत नाही) तेव्हा सहज म्हणाल्या, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा विहिरीत गेला, बावीस वर्षांचा होता. तेव्हापासून येतात. मी विचारलं, मग आता कमी झालंय का? तर म्हणाल्या, "कशाचं कमी व्हतंय माय. हाय तेवढंच हाय. उचलायची सवय झाली." आणि मग "दुसरा पाय दे इकडं."

चौथा दिवस : वाल्हे

छोटा टप्पा, वाल्मीकींचं गाव म्हणतात. गावातल्या बायकांनी भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा आणला होता, भाकरी अजून गरम होती फडक्यात. मी चार खाल्ल्या. घरी वर्षभर एक पोळी जात नव्हती. दुपारी तीन वाजता घड्याळ पाहिलं तेव्हा एका आजीच्या पातळाचा काठ शिवत बसले होते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दोघी-तिघींनी विचारलं. मागच्या वर्षी मला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले होते, चार महिने गोळ्या घेतल्या आणि समुपदेशनालाही जात होते. त्याचा उपयोग झाला म्हणून मी चालू शकले. वारी त्याच्या बदल्यात करायची गोष्ट नाही. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, सोबत जास्तीच्या न्या, आणि गोळ्यांची एक चिठ्ठी दिंडीतल्या कोणाकडे तरी देऊन ठेवा.

पाचवा दिवस : नीरा स्नान आणि लोणंद

नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि मग पालखी सातारा जिल्ह्यात जाते. गर्दीत मला काही दिसलं नाही, नुसता जयघोष ऐकू आला. मी बाजूला थोडं वर जाऊन पाण्यात पाय सोडून बसले.

ह्यांच्या अस्थी घेऊन मुलगा आणि दीर गेले होते. मला म्हणाले तू दमली आहेस, घरी थांब. मीही थांबले. तेव्हापासून माझ्या मनात कुठेतरी होतं की मी पोचवायला गेले नाही. नीरेच्या पाण्यात पाय घालून बसल्यावर ते सगळं बाहेर आलं, चांगली अर्धा तास रडले, आवाज करून, आणि आजूबाजूला बायका लुगडी धूत होत्या, कोणी बघत नव्हतं आणि कोणी उठूनही गेलं नाही. एकीने नंतर तांब्यातून पाणी दिलं तोंड धुवायला. संध्याकाळी मुलाला फोन केला आणि हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला तू यायला हवी होतीस. मला एकट्याला खूप भीती वाटली होती." चौदा महिन्यांत आम्ही दोघं हे बोललो नव्हतो.

पूल ओलांडल्यावर रस्त्यात चिखलात एक चष्मा दिसला. जाड भिंगाचा, एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी काळा दोरा गुंडाळून गाठ मारलेली. पदराला पुसला आणि विणेकरी बाबांकडे दिला. लोणंदच्या आरतीला पुकारा झाला, "चष्मा सापडला आहे, एका काडीला काळा दोरा." पुढच्या कुठल्यातरी दिंडीतून एक म्हातारी नातवाच्या खांद्याला धरून आली. चष्मा हातात घेऊन आधी दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली, मग डोळ्यांवर चढवला, दोरा कानामागे नीट बसवला आणि आजूबाजूला सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली. कोणी शोधला हे तिला माहीत नव्हतं. माझ्याकडेही बघितलं, सगळ्यांकडे बघितलं तसंच.

सहावा दिवस : चांदोबाचा लिंब

तरडगावच्या अलीकडे पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून दोन घोडे धावतात. एका घोड्यावर जरीपटका, म्हणजे निशाण, घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा घोडा, त्याच्यावर कोणी बसत नाही, माउली स्वतः बसलेले असतात असं मानतात.

दोन तास उन्हात वाट पाहिली, फुगड्या चालल्या होत्या, सत्तरीच्या बायका गरागरा फिरत होत्या. मग एकदम आरोळी उठली, घोडे आले आणि गेले सुद्धा, फार तर चार-पाच सेकंद. मी फक्त तो रिकामा घोडा पाहिला, पाठीवर वस्त्र, लगाम, सगळी तयारी, आणि वर कोणी नाही. आणि भोवतीचा प्रत्येक माणूस त्या मोकळ्या जागेला हात जोडत होता. मी आतापर्यंत घरातली प्रत्येक रिकामी जागा बघायची टाळत आले, ह्यांची खुर्ची तर मी माळ्यावर टाकलीय. घोडा गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते, अक्कांनी मला लावली, मी त्यांना.

घरी आल्यावर खुर्ची खाली काढून घेतली आहे.

(रिंगण बघायचं असेल तर टोपी, पाणी, आणि मीठ-साखर हवीच. लहान मुलांना पुढे उभं करू नका, घोडा गेल्यावर माती घ्यायला जी झुंबड उडते तीत माणसं पडतात.)

सातवा दिवस : फलटण

पुन्हा मोठा टप्पा, वीसेक किलोमीटर. दुपारपासून डावा गुडघा सुजला. खरं म्हणजे पंढरपूरपर्यंत जायची फार इच्छा होती, पण डॉक्टर मैत्रिणीने आधीच बजावून ठेवलं होतं, आणि विणेकरी बाबाही म्हणाले माउली, पुढच्या पायाचं देणं पुढच्या वर्षी. फलटणला विमानतळाच्या मैदानावर तळ असतो. रात्री तंबूत हरिपाठ झाला. मला आता बराचसा पाठ झालाय, अडते तिथे बाकीच्यांचा आवाज पुढे नेतो.

अक्कांना काय द्यावं कळेना. माझ्याकडे नवा पंचा होता तो दिला. त्यांनी पिशवीतून एक डबी काढून दिली, बुक्क्याची, अर्धी संपलेली.

आठवी सकाळ

मुक्काम बरडकडे हलला. मी कडेला उभी होते, एसटी स्टँडला जाणारी रिक्षा यायची होती. दिंडी समोरून निघाली. आमची ओळ दिसली, अक्का, मध्ये एक माणसाएवढी जागा, मग त्या दोघी बहिणी. मागच्या ओळीतून लातूरकडची ती नवी सून, पहिल्याच वर्षी आलेली, डोक्यावर तुळस घेऊन पुढे आली आणि उजवीकडून दुसरी उभी राहिली. अक्कांनी तिच्याकडे बघून अंतर सारखं केलं. मृदंग वाजला, पाय उचलले गेले. मी पताका दिसेनाशा होईपर्यंत बघत होते.